चाळिसाव्याआधीचा रंग

८ ऑक्टोबर

पोहोचले. दार मी उघडलं, माझ्या हातातल्या किल्लीनं, आणि आतून कोणी खेकसलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मग काय, मुद्दाम तीन वेळा आत-बाहेर केलं, चपला घालून.

तिसरा मजला, चार खोल्या, स्वयंपाकघर आणि समुद्राकडे लाकडी सज्जा. बैठक, जेवणाची खोली, रऊफची लहानपणची खोली, तिची झोपायची खोली. सगळीकडे एकच रंग, पिस्त्याचा हिरवा. छतसुद्धा. कपाटाच्या आतल्या फळ्यासुद्धा. मी चित्रकलेची मास्तरीण आहे, बावीस वर्षं कैरोत, शुब्राच्या शाळेत पोरांना रंग शिकवतेय. एवढा हिरवा मी कुठल्या माळ्याकडेही बघितला नाही.

ती, म्हणजे माझी सासू, हज्जा तफीदा (हज करून आलेली, म्हणून सगळे हज्जाच म्हणायचे), २४ सप्टेंबरला गेली. आज पंधरावा दिवस. खोटं कशाला लिहू, मला रडू आलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. लग्नानंतर रऊफबरोबर बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन हाच जिना चढले होते. तिनं दाराची साखळी काढलीच नाही. फटीतून मला खालपासून वर न्याहाळलं आणि रऊफला म्हणाली, "तू आत ये. या अस्वानच्या काळीला खालीच बसव. हिचे हात लागले तर माझ्या भिंतींना डाग पडतील." दोन तास पायरीवर बसले होते. त्यानंतर रऊफ दर ईदला एकटाच यायचा आणि मी कैरोत एकटीच मासे तळायची.

आज त्याच भिंतीवर दोन्ही तळवे टेकवले. चांगले दाबून. मग चहा केला, सज्जात बसून प्यायले. वारा छान होता.

१० ऑक्टोबर

दलाल शलबी आला. पोट आधी, माणूस मागून. घर फिरला, प्रत्येक खोलीत जीभ टाळ्याला लावून चुकचुकला. म्हणाला, "मॅडम, जागा सोन्यासारखी, पण हे घर आहे की वाटाण्याची शेंग? गिऱ्हाईक आत येईल आणि चक्कर येऊन सज्जातून खाली पडेल." त्याचं म्हणणं, विकायचं घर फिकट हवं. येणाऱ्याला तिथं आपली खाट दिसली पाहिजे, आपला टीव्ही दिसला पाहिजे. दुसऱ्या कोणाची चव दिसली की तो सौदा मोडतो. दमिएत्ताचे एक दातांचे डॉक्टर आहेत, ते महिनाअखेरीला बघायला येतील. तोवर या हिरव्याचा मागमूस राहता कामा नये, असं बजावून गेला.

मनात म्हटलं, बाबा, माझ्या मनातलं बोललास.

रऊफशी फोनवर बोलले. तो अकरा वर्षं तिकडे आखातात, दमामला, एसी दुरुस्त करतोय. घर विकलं की नोकरी सोडायची, कैरोत स्वतःचं छोटं दुकान टाकायचं, हे आमचं ठरलंय. आम्हाला मूल नाही, दोघंच आहोत, आणि ते दोघंही अकरा वर्षं एका घरात नाहीत. मला तो घरी हवाय. बाकी या भिंतींशी माझं काही देणंघेणं नाही.

११ ऑक्टोबर

उस्ता गोमाला बोलावलं. रंगारी, साठीचा, तोंडात सिगरेट आणि गप्पा दोन्ही एकदम. आल्या आल्या मला "इंजिनीअरबाई" करून टाकलं. भिंतीवर नखानं टकटक केलं, म्हणाला, "हा रंग मीच लावलाय. दरवर्षी, रमजानच्या आधी. हज्जा खुर्ची टाकून समोर बसायची. एक छटा इकडेतिकडे झाली तर डबा माझ्या डोक्यावर ओतेन म्हणायची."

म्हटलं, बरं झालं, लावलात तुम्ही तर झाका पण तुम्हीच. उद्या या.

तर गडी एकदम गंभीर. चाळिसावा कधी आहे, विचारलं. म्हटलं, २ नोव्हेंबरला. म्हणाला, ३ तारखेला ब्रश घेऊन हजर होतो, त्याआधी नाही. गेलेलं माणूस चाळीस दिवस घरी येऊन-जाऊन असतं. बसतं, बघतं, मग निरोप घेतं. तोवर खिळासुद्धा हलवत नाहीत. रंग बदलला तर त्यानं कुठं बसायचं?

म्हटलं, बाहेर पायरीवर बसायचं. मी नाही बसले?

समोरच्या फ्लॅटमधल्या अबला इन्साफ, निवृत्त शिक्षिका (शाळेतल्या बाईंना इकडे अबला म्हणतात), दार किलकिलं करून सगळं ऐकत होत्या. लगेच बाहेर. "पोरी, कफन अजून ओलं आहे आणि तुझे डबे उघडले? लोक काय म्हणतील?" त्या दिवशी पायरीवर मला पाणी याच बाईंनी दिलं होतं, म्हणून गप्प बसले. पण ठरवलं, मी स्वतः लावणार. डॉक्टर चाळिसाव्याची वाट बघत बसणार नाहीत.

१३ ऑक्टोबर

बैठकीच्या भिंतीवर चार रंगांचे हातभर पट्टे मारले. हस्तिदंती, फिकट वाळू, दुधी आणि सुक्करी, म्हणजे साखरेच्या पाकासारखा पांढरट. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीनही उजेडांत बघितले. हस्तिदंती सकाळी बरा, दुपारी पिवळा पडतो. वाळू या समुद्राच्या दमट उजेडात मळकट दिसते. दुधी म्हणजे दवाखाना. सुक्करी मात्र तिन्ही वेळा शांत. कोणाचाच न वाटणारा रंग. शलबीला हवा तसाच.

हिरवा फार जिद्दी आहे. आधी खरवडायचं, मग भेगांत लांबी भरायची, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. अंगावर जुना गाऊन चढवला, केस बांधले. कामाला लागते.

१६ ऑक्टोबर

बैठक झाली. इतकी सुंदर झालीय की मधोमध सतरंजी टाकून जेवले. भाकरी, पांढरं चीज, टोमॅटो.

एक गंमत. या घरात तिच्या मलमाचा वास आहे, कापूर आणि लवंगेचा, सांधे चोळायची ती. बैठकीतून तो साफ गेला. पण जेवणाच्या खोलीत दुप्पट झालाय. कालपर्यंत तिथं इतका नव्हता.

१९ ऑक्टोबर

जेवणाची खोली झाली. वास आता रऊफच्या खोलीत.

आणि नुसता वास नाही. दार ढकलताना आतून जड लागतं. आत कोणी दाराला पाठ लावून बसावं तसं. जोर लावला की सुटतं, आत कोणी नसतं, फक्त उबट हवा. बंद आगगाडीच्या डब्यात असते तशी.

घाबरले का? थोडी. पण त्याहून जास्त, लिहूनच टाकते, मजा वाटली. कळलं मला काय चाललंय. एकेका खोलीतून तिला उठवतेय मी. एकोणीस वर्षं मला उंबरा ओलांडू दिला नाहीस ना? आता ऊठ. सामान घे. पुढच्या खोलीत चल.

मोठ्यानं म्हटलं हे.

२२ ऑक्टोबर

रऊफची खोली आणि स्वयंपाकघर दोन्ही आटोपलं. स्वयंपाकघरात वर चढून छत रंगवताना शिडी दोनदा हलली. दुसऱ्यांदा खाली बघितलं तर शिडीचा पाय जागचा वीतभर सरकला होता आणि फरशीवर ओरखडा. पडले असते तर चुलीवर डोकं आपटलं असतं.

खाली उतरले आणि तिला शिव्या दिल्या. अस्वानच्या, आजीकडून शिकलेल्या. मग उरलेलं छत पूर्ण केलं.

आता तिच्याकडे एकच खोली आहे, तिची स्वतःची.

२४ ऑक्टोबर

त्या खोलीत काम करणं कठीण. हवा इतकी दाट की ब्रश पाण्यातून ओढतेय असं वाटतं. डाव्या कानामागे सतत कोणाचा तरी श्वास, जवळून, रागाचा. मी रंगवत गेले.

दुपारी उस्ता गोमा आला. आत नाही आला, उंबऱ्यावरच उभा राहिला. घर बघून त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "इंजिनीअरबाई, झालं ते झालं. पण हात जोडतो, कपाटामागची एक भिंत ठेवा. फक्त चाळिसाव्यापर्यंत. म्हातारं माणूस आहे, टेकायला जागा लागते. ते नाही मिळालं तर ते जिथं मिळेल तिथं टेकतं."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. म्हटलं, ठीक आहे. कपाट अवजड आहे, गिऱ्हाईक ते हलवून बघणार नाही. तीन भिंती आणि छत केलं, कपाटामागची तशीच ठेवली.

२५ ऑक्टोबर

ठेवणार होते. देवाशपथ ठेवणार होते.

सकाळी कपाटाखाली सांडलेला रंग पुसायला वाकले तर मागे खिळ्याला काहीतरी टांगलेलं दिसलं. हात घालून ओढलं. आमच्या लग्नाचा फोटो. रऊफचं हसू जसंच्या तसं. माझ्या चेहऱ्यावर पिस्ता रंग. चुकून उडालेला नाही, बारीक ब्रशनं, कडा सांभाळून भरलेला. गळा, दंड, हात, जिथं जिथं माझी कातडी दिसत होती तिथं तिथं. एक थर नाही. थर मोजता येतील इतका जाड. उस्ता गोमा भिंती रंगवून गेल्यावर बाई दरवर्षी बसून माझ्यावर एक हात मारत असणार.

मी कपाट ढकललं. एकटीनं. कुठून जोर आला ठाऊक नाही. भिंत गरम होती, हाताला धडधड लागत होती. अस्तर नाही, लांबी नाही, थेट सुक्करी, रोलर भरभरून. भिंत अक्षरशः मागे सरत होती. मी सोडलं नाही. शेवटचा हिरवा ठिपका कोपऱ्यात होता, नाण्याएवढा. त्याच्यावर अंगठा दाबून रंग फासला.

सगळं थांबलं. श्वास, वास, जडपणा.

मग खाली बसून मी रडले. तिच्यासाठी नाही, त्या पायरीवर बसलेल्या मुलीसाठी.

२६ ऑक्टोबर

घर रिकामं. किती हलकं वाटतंय. दहा तास झोपले.

रऊफचा फोन. राजीनामा दिलाय त्यानं! घर विकायची वाटही बघितली नाही. २ तारखेला सकाळी पोहोचतो, आईचा चाळिसावा इथंच करायचा, मग कायमचा माझ्याजवळ. मी फोनवर वेड्यासारखी हसत होते. तो म्हणाला, घसा बसलाय का गं तुझा, जाड येतोय आवाज. रंगाचा वास, दुसरं काय.

डाव्या अंगठ्याचा रंग निघत नाहीये. साबण झाला, टर्पेंटाइन झालं. उद्या बघू.

२८ ऑक्टोबर

रंग नाही तो.

अंगठ्यावरून मनगटापर्यंत आलाय. फिकट, साखरेसारखा. सुईनं टोचलं तर रक्त आलं. कातडी आहे. सुरकुतलेली, वर तपकिरी ठिपके. उजव्या हाताशेजारी ठेवला की दोन बायकांचे हात दिसतात.

आणि मलमाचा वास परत आलाय. खोल्या हुंगत फिरले, एकीत नाही. मग गाऊनची बाही नाकाला लावली.

उस्ता गोमाला बोलावलं. तो आला, हात बघितला, दोन पावलं मागे सरला. त्यानं विचारलं, ती भिंत? मी हात ओढणीत लपवला. म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं होतं." माझ्याकडे नाही, खाली फरशीकडे बघून. मी विचारलं, उपाय काय? म्हणाला, चाळिसाव्याला जायचं ते जातं. मग थबकला आणि म्हणाला, "एकच जातं पण. या घरातून एकीलाच निरोप द्यायचा आहे."

जिना उतरताना त्यानं कुराणातली आयत म्हटली. आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

२९ ऑक्टोबर

निघून जायचं ठरवलं. बॅग भरली. उंबऱ्यापाशी डावा पाय उचलेना. ओढला, मारला, रडले. उजवा बाहेर, डावा आत. अबला इन्साफनी दार उघडलं. मला वाटलं, आता मदत करतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "हज्जा, अशा उन्हात कुठं निघालीस? सूनबाई सगळं बघेल की."

मी म्हटलं, अबला, मीच सून, मी नब्रा. तोंडातून निघालं, "ती? ती काय बघणार!"

त्या हसून आत गेल्या.

३० ऑक्टोबर

हिरवा परत द्यायचा. दुसरं काय. तिची भिंत तिला परत द्यायची. चमच्यानं खरवडलं त्याच कोपऱ्यात. सुक्करीखाली सुक्करी. त्याखाली पुन्हा सुक्करी. वीतभर खोल गेले. विटासुद्धा त्याच रंगाच्या.

रंगवाल्याला फोन लावला, पिस्ता पाठव म्हणायचं होतं. तोंड म्हणालं, काही नको. घर छान झालंय.

तिला आवडलं. हेच भयंकर आहे. तिला हे घर आवडलंय, आणि टेकायला जागा मिळाली.

३१ ऑक्टोबर

शलबी डॉक्टरांना घेऊन आला. तोंडानं दोघांना झाडलं. "माझं घर विकायला निघालास? तुझ्या पोटाला पुरत नाही का रे?" शलबी हात जोडत होता, माफ करा हज्जा, तुमच्या सूनबाईंनीच सांगितलं होतं, त्या कुठं गेल्या?

गेली, तोंड म्हणालं.

मला आत ऐकू येत होतं. ओरडत होते.

तीन आठवडे सौद्याच्या गोष्टी माझ्याशी केल्या त्यानं. ओळखलं नाही.

१ नोव्हेंबर

आरसा — बघणार नाही.

उजवा हात माझा आहे अजून. फक्त तो. लिहिते तोवर आहे. बावीस वर्षं खडू धरलाय, सहज नाही देणार.

दिवसभर रहमेचे पाव भाजले, गेलेल्याच्या नावानं वाटायचे, उद्याला. डावा हात मळत होता, भरभर. तो पुढे, मी मागे. ती गुणगुणत होती. पोरगं येणार म्हणून. मी पण त्याचीच —

रऊफ ओळखेल. रऊफनं ओळखलं की झालं. तो नाव घेईल माझं.

२ नोव्हेंबर

असरची, दुपार कलतानाची नमाज झाली. पुरुष बैठकीत शेखजींबरोबर. आम्ही बायका तिच्या खोलीत. वही मांडीवर, काळ्या ओढणीखाली. बिनसाखरेची कॉफी फिरतेय. बायका म्हणतात, हज्जा, नशीबवान आहेस, पोरगा परत आला.

आला सकाळी. मिठी मारली. माझ्या खांद्यावर डोकं — आणि म्हणाला, मम्मा, आता कुठं जात नाही, तुझ्याजवळच राहतो. अकरा वर्षं ज्या मिठीची — ती मला कळलीसुद्धा. ऊब, दाढी, सगळं. माझी नव्हती.

त्याच्या कानापर्यंत उजवा हात नेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याचा कान असा पकडायची. तो क्षणभर थांबला. मग हात खाली ठेवला माझा, थोपटून.

कोणाचा चाळिसावा, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, दुसऱ्याला ठाऊक असेल.

आत्ता दाराशी आला होता. शेखजींना घरातल्या गेलेल्यांची यादी हवी, प्रत्येकाच्या आईच्या नावासकट, दुआसाठी. रीत आहे. म्हणाला, मम्मा, तुला पाठ असतील.

डाव्या हातानं याच वहीचं पान फाडलं. लिहिलं. मी बघत होते. त्याचे वडील. त्याची आजी. मामा. एक चुलता. आणि सगळ्यांत खाली, सावकाश, वळणदार —

नब्रा, दहीबाची मुलगी.

माझ्या आईचं नाव तिला कधी सांगितलं नव्हतं. माझ्याच आतून काढलं.

तफीदा नाही त्या कागदावर.

घडी घातली. रऊफ हात चुंबून कागद घेऊन गेला. उजव्या हातानं त्याची बाही धरली मी, त्यानं हळूच सोडवली —

वाचतायत. एक नाव, मग सगळे आमीन. एक नाव. आमीन. बोटं गार पडतायत. लेखणी धरवत —

चुलता झाला.

माझं घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट. नब्रा, दहीबाची मुलगी.

आमीन कोणी म्हणत नाही. रऊफ. रऊफचा आवाज. शेजारच्याला विचारतोय — नब्रा? ही आपल्यातली कोण?

शेखजी म्हणतात, कागदावर आहे बाबा. असेल कोणी. बिचारीला कोणी नसेल, तूच आमीन म्हण.

रऊफ, नको म्हणूस. रऊफ, मी या भिंतीच्या अलीकडे आहे, मी, न